लॅपटॉपची घरपाहणी

उज्ज्वलानं तीन वर्षांत एकशे बेचाळीस फुकट लॅपटॉप खोटे ठरवले होते.

केनवडच्या बाजारापासून चार किलोमीटर आत असलेल्या गावात ती ग्रामपंचायतीचा संगणक चालवायची. कोणाच्याही मोबाइलवर ‘विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, आजच शेवटची तारीख’ असा मेसेज आला की माणूस उलटी चप्पल घालून तिच्याकडे पळत यायचा. ती मेसेज वाचायची, खालची लिंक बघायची आणि म्हणायची, “खोटं हाय.” माणूस हिरमुसून परत जायचा. शेवटची तारीख तीन वर्षं रोज आजच होती, पण याचं नवल फक्त उज्ज्वलाला वाटायचं. बाकीच्यांचा समज असा होता की लॅपटॉप खरेच असतात, ही पोरगी ते मधेच अडवते. किराणावाल्या हरीओमनं तर एकदा तोंडावर विचारलं होतं, “खरं सांग, तू घरी किती जमा करून राह्यली?”

खरं-खोटं ओळखायची तिची रीत सोपी होती. खोट्या लॅपटॉपला मोबाइल नंबर आणि ओटीपी पुरतो. वर तो मेसेज वीस ग्रुपवर पाठवला की झालं. खऱ्या लॅपटॉपला उत्पन्नाचा दाखला लागतो, रहिवासी दाखला लागतो, कॉलेजचं बोनाफाईड, मार्कशीटची सत्यप्रत, रेशनकार्डाची दोन्ही पानं आणि बापाची सही लागते, आणि बाप नेमका वावरात पाणी धरायला गेलेला असतो. ज्या फुकटात माणूस रडकुंडीला येत नाही, ते फुकट खरं नाही, असं तिचं मत होतं.

म्हणून पुण्याच्या एका संस्थेचा अर्ज वाचताना सातव्या पानावर ती रडकुंडीला आली, तेव्हा ती खुर्चीत ताठ बसली. हे खरं दिसत होतं.

संस्था कंपन्यांमधले जुने लॅपटॉप गोळा करायची, दुरुस्त करायची आणि गरिबाघरच्या कॉलेजच्या पोरांना द्यायची. उज्ज्वलानं संस्थेचा नोंदणी क्रमांक तपासला. तीन दिवस फोन केले. मागच्या वर्षी लॅपटॉप मिळालेल्या एका मुलीचा नंबर मिळवला आणि तिला विचारलं, “खरंच भेटला का?”

“भेटला ना ताई. एक बटन निघालं, बाकी झकास चालते.”

उज्ज्वलाची खात्री पटली. खोट्या लॅपटॉपचं बटण कधी निघत नाही.

संस्थेनं तिला एक कोड दिला, त्यावरून तिनं नऊ पोरांचे अर्ज भरले. पहिला अर्ज तनुजाचा, कारण तिची नड सगळ्यात मोठी होती. तनुजा वाशीमला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या घरी कॉम्प्युटर म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे तनुजा. कॉलेजात आठवड्यातून एक तास मशीनवर बसायला मिळायचं, तेही तिघींना मिळून. उरलेला आठवडा ती दोनशे पानी वहीत शिसपेन्सिलीनं प्रोग्राम लिहायची. वहीत प्रोग्राम कधीच चुकत नाही, हा वहीचा मोठा दोष आहे. फेब्रुवारीच्या अखेरीला प्रोजेक्ट चालवून दाखवायचा होता. नाही दाखवला तर वर्ष गेलं. ग्रामपंचायतीचा संगणक तिला देता आला असता, पण ग्रामपंचायत पाचला बंद व्हायची, तनुजाची बस साडेसहाला यायची आणि किल्ली ग्रामसेवकाच्या खिशात रिसोडला राहायची.

अर्ज मंजूर झाला. आता फक्त घराची पाहणी राहिली होती. उज्ज्वला मंगळवारी दुपारी सांगायला गेली. तनुजाची आई विजयमाला ओट्यावर वांगी निवडत होती. किडकी एका ढिगात, बरी दुसऱ्या, आणि फक्त जराशीच किडकी तिसऱ्या, तो ढीग घरी खायचा. दीड एकरातला भाजीपाला केनवडच्या आणि रिसोडच्या बाजारात नेऊन विकायचा, यावर ते घर चालायचं.

“उद्या साहेब येईन, काकू,” उज्ज्वला म्हणाली. “घर पाहीन, फोटो काढीन. तुमी काही करू नका. जसं हाय तसंच राहू द्या.”

“जसं हाय तसंच?”

“तसंच.”

“बरं,” विजयमाला म्हणाली.

हे ‘बरं’ फार लवकर आलं होतं. उज्ज्वलानं तिथंच खाली बसायला पाहिजे होतं. पण ग्रामपंचायतीत जन्मदाखल्यासाठी चार माणसं थांबली होती, आणि ती उठली.

बुधवारी ती नऊपासून फाट्यावर उभी होती. साहेब अकराला आले. नाव मदनसिंग. मानोऱ्याकडच्या तांड्यातले, निवृत्त मास्तर, आता संस्थेसाठी बिनपगारी पाहण्या करत जिल्हाभर फिरायचे. अंगात स्वेटर, त्यावर कोट, कानाला मफलर आणि खिशात मोबाइल. फॉर्म त्या मोबाइलमध्येच होता. उज्ज्वला त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसली आणि गल्लीच्या तोंडाशीच तिनं मान वळवून पाहिलं. रामरावच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि आतली भिंत मोकळी दिसत होती.

तिथं सोफा असायचा.

रामरावचा सोफा म्हणजे गल्लीतला एकुलता एक सोफा. मरून रंगाचा, हाताला सोनेरी पट्टी. गल्लीतल्या कोणत्याही पोरीला पाहायला पाहुणे येणार असले की तो आदल्या दिवशी त्या घरी जायचा. त्याच्या मागं रुपाबाईचा फ्रीज जायचा, मग कोणाचा टीव्ही, कोणाचा कूलर, कोणाच्या काचेच्या प्लेटा. कोणी मागायचं नाही, कोणी द्यायचं नाही. पाहुणे म्हटलं की सामान आपोआप निघायचं आणि पाहुण्यांची गाडी वळली की परत यायचं. अकरा पोरी त्या सोफ्यानं उजवल्या होत्या. उज्ज्वलाचंही एक स्थळ त्याच्यावर बसून, दोनदा पोहे खाऊन गेलं होतं. ते अजून विचार करून राह्यलं होतं.

पण लॅपटॉपच्या पाहणीला सोफा जाईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तनुजाच्या घरापुढं दोन मोटारसायकली धुऊन उभ्या होत्या. आत दहा बाय बाराच्या खोलीत सोफा असा बसला होता की खोली त्याच्या मांडीवर आहे असं वाटावं. कोपऱ्यात फ्रीज, भिंतीला टीव्ही. जानेवारीची थंडी होती आणि कूलर पूर्ण वेगात सुरू होता. तनुजाचे वडील शालिग्राम सोफ्याच्या अगदी कडेला, कोणाच्या तरी अंगावर बसल्यासारखे बसले होते. हातात रामरावचं घड्याळ होतं. ते सैल असल्यामुळं त्यांनी हात वर धरला होता. तनुजा दाराआड उभी होती. उज्ज्वलानं तिच्याकडं पाहिलं, तर तिनं नजर खाली घातली.

“या साहेब, बसा,” शालिग्राम म्हणाले आणि स्वतः उठून उभे राहिले.

मदनसिंग बसले. कूलरचं वारं थेट तोंडावर आलं. त्यांनी मफलर आवळला.

“कूलर बंद केला तं चालते,” ते म्हणाले.

“नाई साहेब, चालू द्या. आमचं रोजचंच हाय,” विजयमाला आतून म्हणाली.

मदनसिंगांनी मोबाइल काढला. “नियमाप्रमानं विचारा लागते. हा फ्रीज तुमचाच?”

“आमचाच,” विजयमाला म्हणाली.

मोबाइल ‘टक्’ वाजला. फ्रीजचा फोटो निघाला.

“काकू...” उज्ज्वला म्हणाली.

“सोफा?”

“आमचाच.”

टक्.

“टीव्ही? गाड्या? कूलर?”

टक्, टक्, टक्. विजयमाला प्रत्येक ‘आमचाच’ आधीच्यापेक्षा मोठ्यानं म्हणत होती. उज्ज्वला दर वेळी तोंड उघडायची आणि दर वेळी पोह्याची प्लेट तिच्या पुढं यायची. तिसऱ्या प्लेटीपर्यंत सगळ्या वस्तूंचे फोटो निघाले होते.

तेवढ्यात रुपाबाई आली. तिनं कोणाकडं पाहिलं नाही. सरळ फ्रीजपाशी गेली, दार उघडलं, दुधाचं पातेलं काढलं, दुधाला साय आली का पाहिलं, दार लावलं आणि निघून गेली.

मदनसिंगांनी दाराकडं पाहिलं, मग फ्रीजकडं, मग शालिग्रामकडं.

“शेजारीन हाय,” शालिग्राम म्हणाले. हात वरच होता. “गरीब हाय बिचारी. दूध आमच्या फ्रीजमधी ठेवते.”

उज्ज्वला उठून आत चुलीपाशी गेली. विजयमाला चहा गाळत होती.

“काकू, हे काय केलं तुमी? मी काय सांगितलं होतं?”

“जसं हाय तसं ठेव म्हनलं होतं. अन् मंग नाव कापलं असतं तं?”

“कोन कापते? गरिबाले देते तं...”

“हं, गरिबाले!” विजयमालानं गाळणं आपटलं. “शेळ्यांच्या वक्ती काय झालं? तूच भरला होता फारम. साहेब आला, म्हने गोठा कुठं हाय? गोठा नाई तं शेळ्या नाई. मोटारीच्या वक्ती म्हने विहीर कुठं हाय? विहीर नाई तं मोटार नाई. आता मले सांग, साध्या पान्याच्या मोटारीले विहीर लागते, अन् एवढ्या महागाच्या मशिनले काहीच लागत नाई? कोनी देईन का मातीच्या घरात?”

शेळ्यांचा फॉर्म खरंच उज्ज्वलानं भरला होता. मोटारीचाही. नाव कापल्याचं पत्रही तिनंच वाचून दाखवलं होतं. वीस वर्षं जो जो साहेब त्या घरी आला होता, त्यानं घरात काय नाही तेच लिहून नेलं होतं. या वेळी विजयमालानं लिहायला जागाच ठेवली नव्हती. तिचं कुठं चुकलं, हे उज्ज्वलाला सांगता येईना.

चहा झाल्यावर मदनसिंग बाहेर आले. उज्ज्वला त्यांना गाडीमागं घेऊन गेली.

“सर, त्यातलं काहीच त्यांचं नाही.”

“बाई, मी तांड्यात वाढलो,” मदनसिंग हळू आवाजात म्हणाले. “सोफ्याच्या पायाखाली शेनाचं सारवन ओलं हाय. आज सकाळी सारवलं अन् वर सोफा ठेवला. मले समजत नाई काय?”

“मंग सर, गरीब लिहा ना.”

मदनसिंगांनी मोबाइल तिच्यापुढं धरला. घरातल्या प्रत्येक वस्तूला गुण होते. जितक्या वस्तू, तितके गुण. वीसपर्यंत गुण असले तर घर गरीब आणि लॅपटॉप मंजूर. वीसच्या वर गेले की नामंजूर. तनुजाच्या घराचे चौतीस झाले होते. फोटो काढताच पुण्याला जायचे, पुसता येत नव्हते.

“खाली एक लाल बटन हाय, पाहा,” ते म्हणाले. “‘माहिती खोटी आढळली.’ ते दाबलं तं हे सामान यांचं नाई, असं पुन्याले समजते. पन मंग ज्याच्या कोडवरून अर्ज आला तो कोड दोन वर्षं बंद, त्यावरचे सगळे अर्ज बाद. तुमच्या कोडवर किती अर्ज हायेत?”

“नऊ.”

“मंग सांगा. दाबू?”

गल्लीतली माणसं आपापल्या दारात उभी होती. सामान परत न्यायला गाडी वळायची वाट पाहत होती. आतून विजयमालाचा आवाज आला, “साहेब, जेवूनच जा म्हनलं!” उज्ज्वला मदनसिंगांच्या अंगठ्याकडं पाहत राहिली. तो बटणापासून बोटभर लांब होता. बटण दाबलं तरी तनुजाला लॅपटॉप मिळत नव्हता. न दाबलं तर निदान आठ पोरांचं नाव राहत होतं.

“नको,” ती म्हणाली.

मदनसिंगांनी चौतीस गुण पाठवले. मोबाइलवर हिरवी खूण आली आणि ‘आभारी आहोत’ असं लिहून आलं. “अपील हाय, पंधरा दिवसांत,” ते गाडीला किक मारत म्हणाले. “सामान ज्याचं त्यानं लिहून द्यायचं, हे माहं हाय. पावती अन् फोटोसकट. मंग गुन कमी होते.”

गाडी वळली. दोन मिनिटांत सोफा गल्लीतून उभा परत गेला.

उज्ज्वला त्याच संध्याकाळी रामरावकडं गेली. रामराव खूश झाला. सोफ्याची पावती त्यानं लॅमिनेट करून देवघरात ठेवली होती. “लिवून देतो ना, त्यात काय? माहाच हाय. आन कागद,” तो म्हणाला. पेनचं टोपण काढलं, ‘मी खाली सही करणार’ एवढं लिहिलं आणि थांबला.

“हा कागद जाईन कुठं?”

“पुण्याले.”

“फोटोसंगं?”

“फोटोसंगं.”

रामरावनं टोपण परत लावलं. “निताचा नवरा पुन्याले हाय.”

निता म्हणजे सोफ्यानं उजवलेली सातवी पोर. रामरावच्या भावाची.

“पुणं मोठं हाय, काका. त्याले कायले दिसते?”

“तुले मालूम नाई. तो जावई दर दिवाळीले इचारते, सासऱ्याचा सोफा कुठं गेला म्हून. भाऊ सांगते, पॉलिशले देल्ला. सहा वर्सं झाली, पॉलिश चालूच हाय.” त्यानं कागदाची चौकोनी घडी केली. “अन् एकटी निताच नाई. अकरा घरं हायेत, बाई. अकरा लग्नांच्या पाहनीचे फोटो हायेत. सगळ्यात सोफा एकच, अन् सासरे अकरा. मी सही केली तं एका पोरीले मशीन भेटीन, अन् अकरा पोरींले रोज टोमने. तूच सांग, करू काय सही?”

हा प्रश्न तिला त्या दिवसात दुसऱ्यांदा विचारला गेला होता. तिनं कागद उचलला आणि ती घरी आली.

रुपाबाईनं फ्रीजचं लिहून द्यायला नकार दिला. तिच्या स्वतःच्या पोरीच्या पाहणीला रामरावचा सोफा येणार होता, ती पाहणी पुढच्या महिन्यातच होती. टीव्हीवाला म्हणाला, सोफावाला देईल तर मी देतो. कूलरवाला म्हणाला, टीव्हीवाला देईल तर. तलाठी म्हणाला, घरात काय आहे त्याचा दाखला देता येतो, काय नाही त्याचा नमुनाच सरकारनं काढलेला नाही. उज्ज्वलानं पुण्याला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की ताई, आम्हाला सगळं समजतंय, पण फोटोत फ्रीज आहे.

बाकीच्या आठ घरांत उज्ज्वला पाहणीच्या आदल्या संध्याकाळपासून ठाण मांडून बसली. एका ठिकाणी कपाट घेऊन निघालेल्या चार माणसांना तिनं चौकातून परत पाठवलं. आठपैकी पाच जणांना लॅपटॉप आले. खरे, चालणारे, काळ्या पिशवीतले. गावात पहिल्यांदाच कोणी तिला ‘तू अडवून ठेवते’ म्हणालं नाही. त्या पाचातला एक लॅपटॉप हरीओमच्या पुतण्याचा होता. हरीओमनं दुकानातून पेढे पाठवले. ते तिनं न खाताच जन्मदाखल्याच्या रांगेत वाटून टाकले.

पंधराव्या दिवशी अपिलाची मुदत संपली. सोळाव्या दिवशी ती तनुजाच्या घरी गेली. विजयमाला, शालिग्राम आणि तनुजा ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होते. उद्या बाजार होता. सारवलेल्या खोलीत कोपऱ्यात तांदळाचा डबा होता आणि बाकी भिंती होत्या.

“काकू, नाही झालं,” उज्ज्वला म्हणाली. “आपलं नाव कटलं.”

विजयमालाचे हात थांबले. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग पोरीकडं.

“काहून? काय कमी पडलं?”

“तसं नाही काकू. त्याले गुण असतात...”

“मार्क? मंग आपल्याले किती भेटले?”

उज्ज्वलाला वाटलं, निदान हे तरी खरं सांगावं.

“चौतीस.”

विजयमालानं कपाळावर हात मारला.

“चौतीस! म्हंजे एका मार्कानं गेलं? पस्तीसले पास असते ना, वं तनुजा?” ती नवऱ्याकडं वळली. “ऐकलं का? एका मार्कानं! मी म्हनलं होतं का नाई, शेजारच्या हेमलाची वॉशिंग मशीन आना म्हून? तुमीच म्हनलं, नळ नाई, जोडता कुठं. अहो, जोडा कायले लागते? नुसती ठेवा लागत होती!”

“मले काय मालूम, एकाच मार्काचा सवाल हाय म्हून,” शालिग्राम म्हणाले.

“काकू, तसं नाही...” उज्ज्वला पुढं झाली. तनुजानं तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली, इतकी थोडी की मेथीची काडी हलली असती तरी जास्त वाटलं असतं. नको. उज्ज्वलानं ओळखलं. या घरात दोन आठवडे सगळे एवढंच धरून होते की आपण जमेल तेवढं सगळं केलं. त्यातूनच वाईट झालं, हे आता कोणाला सांगणार?

“रिचेकिंगचा फारम असते ना?” विजयमालानं विचारलं. “तूच भरून देशीन. एक मार्क तं कुठंही निंगते.”

“त्याची तारीख काल गेली, काकू.”

“असं.”

शालिग्राम उठले. तनुजापाशी गेले, पण काय करावं ते न सुचल्यासारखे तिच्याशेजारी उकिडवे बसले.

“चूक माही झाली, बेटा,” ते म्हणाले. “मशीन आनाले पाह्यजे होती.”

“असू द्या, बाबा,” तनुजा म्हणाली.

उज्ज्वलाला उठून जाता येईना. ती खाली बसली आणि मेथीच्या जुड्या बांधू लागली. तिला ते काम येत नव्हतं. काही जुड्या जाड झाल्या, काही सैल. विजयमालानं दहा मिनिटं पाहिलं. मग तिनं उज्ज्वलाच्या जुड्या आपल्याकडं ओढल्या आणि एकेक सोडून पुन्हा बांधायला घेतल्या.